ऑपेरा कंपनी आपले जुने नाट्यगृह दुरुस्त करून तिथेच का राहत नाही?

एखादी नावाजलेली ऑपेरा कंपनी ऐतिहासिक नाट्यगृहात अखेरचा हंगाम जाहीर करते, तेव्हा त्याच वास्तूची डागडुजी का करत नाही आणि ती गेल्यावर वास्तू पाडावीच लागते का, असे आपण विचारले आहे. मी ऑपेराचा जाणकार नाही. इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर काही वर्षे नेपथ्याची उचलठेव केली, एवढाच माझा अधिकार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ब्रॉडवेवरील जुन्या घरात केलेल्या १९६५-६६ च्या अखेरच्या हंगामाविषयी वाचताना माझे लक्ष साहजिकच विंगांकडे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या झाकलेल्या जागांकडे, गेले, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

ते नाट्यगृह १८८३ साली बांधले गेले ते मुख्यतः बॉक्सांसाठी, म्हणजे श्रीमंतांच्या खासगी सज्ज्यांसाठी. शहरातील जुन्या अकॅडमी ऑफ म्युझिकमधले मोजके बॉक्स पिढीजात श्रीमंतांच्या ताब्यात होते. व्हँडरबिल्टांसारख्या नवश्रीमंत घराण्यांना ते मिळेनात, म्हणून त्यांनी एकत्र येऊन स्वतःचे नाट्यगृह उभारले. बसणाऱ्यांची एवढी बडदास्त ठेवताना रंगमंचाच्या बाजूची आणि मागची जागा मात्र आखडली. मेटमध्ये (मेट्रोपॉलिटनचे हे रूढ लघुनाम) हंगामभर रोज वेगळा ऑपेरा होत असे, म्हणजे आजच्या खेळाचे देखावे काढून उद्याचे लावायचे. पण ते ठेवायला कोठारच नव्हते. त्यामुळे राजवाडे आणि देवळे सातव्या अव्हेन्यूच्या फुटपाथवर, ऊनपावसात उभी राहत. आमच्याकडेही एका रंगमंदिरात दुसऱ्या अंकाचे फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या रंगवलेल्या चौकटी, भर पावसाळ्यात व्हरांड्यात ठेवावे लागले होते आणि वाड्याची रंगवलेली भिंत प्रयोगापूर्वीच ओघळली होती, त्यामुळे हे वाचून मला हसू आले नाही. तरी आमचे सगळे सामान एका टेम्पोत मावत असे, आणि जुन्या संगीत नाटकांत तर रंगवलेला पडदा गुंडाळून वर गेला की दरबाराचे जंगल होई. ऑपेराचे देखावे उभे, जड, आणि कोरसचा सगळा ताफा पेलतील असे असावे लागतात.

डागडुजी झालीच नाही, असेही नाही. १८९२ च्या आगीनंतर प्रेक्षागृह पुन्हा उभे केले गेले आणि १९०३ मध्ये त्याला ती प्रसिद्ध सोनेरी सजावट मिळाली; मागची अडचण तशीच राहिली. शेकडो खुर्च्यांवरून रंगमंच पुरता दिसत नसे, तो दोष एक वेळ सुधारता आला असता. परंतु ३९ व्या आणि ४० व्या रस्त्यांमधला सगळा भूखंड इमारतीने आधीच व्यापला होता. विंगा रुंद करायच्या तर कुठे?

अखेरचा हंगाम 'फाउस्ट'ने उघडला, कारण १८८३ मध्ये पडदा पहिल्यांदा वर गेला तोही याच ऑपेरासाठी. १६ एप्रिल १९६६ च्या निरोपाच्या रात्री प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी प्रेक्षकांकडे वळून ही वास्तू वाचवा, असे आवाहन केले. त्याने काही झाले नाही, आणि इथे आपला दुसरा प्रश्न येतो. वास्तू पाडावीच लागते असे मुळीच नाही. त्याच शहरातला कार्नेगी हॉल पाडायचे ठरत आले असताना व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांच्या मोहिमेनंतर शहराने १९६० मध्ये तो विकत घेतला. अर्थात मैफलीला विंगा लागत नाहीत, त्यामुळे तो हॉल उद्याही उपयोगी पडणारा होता. मेटच्या बाबतीत जुने घर उभे राहू नये, यातच खुद्द कंपनीचा फायदा होता. जागा भाड्याने देऊन येणारे उत्पन्न तिला हवे होते आणि रिकाम्या घरात कोणी प्रतिस्पर्धी मंडळी बिऱ्हाड थाटील, ही धास्तीही होती. माझ्या मते ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण स्वतःच्या घराशी असे वागणे शोभणारे नाही. १९६७ मध्ये वास्तू पाडली गेली आणि तिथे चाळीस मजली कचेऱ्यांची इमारत आली.

लिंकन सेंटर या न्यूयॉर्कच्याच कलासंकुलातल्या नव्या घरात बाजूला आणि मागे मुख्य रंगमंचाच्या तोडीची जागा मिळाली. १६ सप्टेंबर १९६६ च्या उद्घाटनाआधी, तालमीतच, तिथला फिरता रंगमंच भाराने बंद पडला, हे ऐकून आमच्या जुन्या टेम्पोवाल्याला फार समाधान वाटले. जुन्या घराचा सोनेरी पडदा मात्र पाडकामातून सुटला. त्याचे तुकडे कापून ध्वनिमुद्रिकांच्या संचासोबत रसिकांना विकले गेले.