अपडेटनंतर स्पायडर उघडत नाही, पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच. काय करावे?

आपण लिहिले आहे की, कोंडाने (पायथॉनची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, टाकणाऱ्या साधनाने) सगळी पॅकेजेस अद्ययावत केल्यापासून स्पायडर या पायथॉन संपादकाच्या आयकॉनवर क्लिक केले की सुरुवातीचे चित्र क्षणभर दिसते आणि नाहीसे होते, कोणताही संदेश येत नाही, आणि स्पायडर दोनदा काढून पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडला नाही. तिसऱ्यांदा ते करू नये, एवढी विनंती आधी करतो. इन्स्टॉल करून फरक न पडणे ही खरे तर आपल्या हाती लागलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे. स्पायडरच्या स्वतःच्या फाइली नव्या कोऱ्या असूनही बिघाड कायम आहे, त्या अर्थी तो बहुधा अशा ठिकाणी आहे जिथे अनइन्स्टॉलचा हात पोहोचतच नाही: स्पायडर ज्यांच्यावर अवलंबून आहे ती इतर पॅकेजेस, होम फोल्डरमधील जुन्या सेटिंग्ज, किंवा पूर्वी कधीतरी पिपने (पॅकेजेस टाकण्याच्या दुसऱ्या साधनाने) टाकलेले आणि विसरलेले काहीतरी.

संदेश येत नाही हेही पूर्ण खरे नाही. तो येतो, पण आयकॉनवरून सुरू केलेल्या प्रोग्रॅमला तो दाखवायला खिडकीच नसते. म्हणून टर्मिनल उघडा (विंडोजवर ॲनाकोंडा प्रॉम्प्ट), आपले एन्व्हायर्नमेंट (पायथॉन आणि त्याच्या पॅकेजेसचा स्वतंत्र संच) ॲक्टिव्हेट करा आणि तिथे spyder असे टाइप करून एंटर दाबा. पायथॉनचा त्रुटिसंदेश खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत काय बिघडले ते असते आणि तिच्या वरच्या ओळींत कोणत्या फाइलीत बिघडले ते असते. बहुतेक जण शेवटची ओळ शोधयंत्रात टाकून थांबतात, पण माझ्या अनुभवात वरच्या ओळींतील फाइलींचे पत्ते अधिक बोलके असतात.

हे पत्ते आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरबाहेरचे असतील, उदाहरणार्थ लिनक्सवर होम फोल्डरमधील डॉट-लोकल (.local) या लपलेल्या फोल्डरच्या आतले, तर चोर सापडलाच असे समजा. पिपला यूझर हा पर्याय देऊन टाकलेली पॅकेजेस तिथे जातात, आणि कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमधला पायथॉन स्वतःच्या पॅकेजेसच्या आधी तिथे पाहतो. मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. माझा पायथॉन ३.१० वरून ३.११ वर गेला होता. हा फोल्डर प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा असल्यामुळे, ३.११ च्या नावाने बऱ्याच काळापूर्वी पडून राहिलेली जुनी पॅकेजेस त्या दिवशी अचानक जिवंत झाली, आणि मी मात्र निष्पाप नव्या आवृत्तीला दोष देत बसलो. अशा वेळी त्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. स्पायडर उघडला तर कारण सिद्ध झाले, न उघडल्यास नाव पूर्ववत करावे.

संदेशात नमपाय (आकडेमोडीचे पॅकेज) १ साठी कंपाइल केलेले मॉड्यूल नमपाय २ मध्ये चालू शकत नाही असे म्हटले असेल, तर गोष्ट वेगळी आहे. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने कंपाइल केलेल्या मॉड्यूलांशी असलेली जुनी बायनरी जुळणी मोडली. त्यामुळे संदेशात ज्याचे नाव आहे ते मॉड्यूल अद्ययावत करावे, आणि त्याची नवी आवृत्ती नसेल तर नमपाय २ पेक्षा खालच्या आवृत्तीवर आणावे. डिस्टयूटिल्स (पॅकेजेस बांधण्याचे जुने मॉड्यूल) सापडत नाही असे आले, तर पायथॉन ३.१२ मधून ते काढून टाकलेले आहे आणि आपले एखादे पॅकेज अजून त्याच्या भरवशावर आहे. क्यूटीचा (स्पायडरच्या खिडक्या आणि बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीचा) प्लॅटफॉर्म प्लगइन लोड होत नाही असे आले, तर एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडाची एक आणि पिपची एक अशा दोन क्यूटी नांदत आहेत का, ते पॅकेजेसच्या यादीत पाहावे.

टर्मिनलही गप्प राहिले, तरच सेटिंग्जकडे वळावे. स्पायडरला दोन डॅश आणि रीसेट असा पर्याय (spyder --reset) दिला की सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात, पण आपले शॉर्टकट वगैरे सगळे जाते, म्हणून आधी सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत काढून ठेवावी. आपल्या कोडच्या फाइलींना यात काही होत नाही.

कोंडा प्रत्येक बदलाची नोंद ठेवते आणि रिव्हिजनचा क्रमांक देऊन मागे जाता येते, हे खरे आहे. मात्र पिपने टाकलेल्या गोष्टी त्याने मागे जात नाहीत, आणि मोठ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हा प्रकार कधी कधी फार रेंगाळतो. मी हल्ली दुरुस्तीपेक्षा वेगळी मांडणी पसंत करतो: स्पायडर एकट्याच्या छोट्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायचा, कामाची पॅकेजेस दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, त्यात स्पायडर-कर्नल्सची (स्पायडरला तिथल्या पायथॉनशी जोडणाऱ्या पॅकेजची) स्पायडरशी जुळणारी आवृत्ती टाकायची, आणि स्पायडरच्या पसंतीत त्या दुसऱ्या पायथॉनचा पत्ता द्यायचा. मग कामाची पॅकेजेस कितीही वेळा अद्ययावत केली तरी संपादक उघडण्याशी त्यांचा संबंध राहत नाही.

एवढे करूनही अडले, तर टर्मिनलमधील संपूर्ण संदेश प्रश्नात जोडावा, चित्र म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून, आणि पत्त्यांमधील आपले यूझरनेम तेवढे खोडून.