हॅम रेडिओ प्रश्नोत्तरे : आधी ऐकणारा सेट बांधा

प्रश्न : ताई, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आहे आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा नुकतीच पास झालो. घरी बांधलेल्या कुठल्याही सेटपेक्षा तयार ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा एकच सेट) सरस असतो, असं मित्र म्हणतात. मग बांधायचं कशासाठी? आणि बांधायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : मित्रांचं म्हणणं बरोबर आहे. तयार सेटमध्ये सगळे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) असतात, फिल्टर धारदार असतात, फ्रिक्वेन्सीचा आकडा स्थिर राहतो. माझ्या टेबलावरही असा एक आहे आणि गर्दीतून एखादं क्षीण स्टेशन निवडायचं असलं की मी तोच लावते. पण संध्याकाळी मन रमवायला बसते ती स्वतः बांधलेल्या रिसीव्हरपाशी. त्यातून येणारा प्रत्येक आवाज कुठल्या टप्प्यावर जन्माला आला हे मला सांगता येतं. बांधायचं ते यासाठी. विकतच्या सेटशी स्पर्धा करायला नव्हे.

सुरुवात रिसीव्हरपासूनच करा, ट्रान्समीटरपासून नको. नव्या परवान्याचा उत्साह असतो, आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळखीची अक्षरं) हवेत ऐकू यावा असं वाटतं, हे मी समजू शकते. पण ज्याला बँड ऐकता येत नाही त्याला बँडवर बोलताही येत नाही. ४० मीटर बँड घ्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. दिवसा जवळची स्टेशनं मिळतात. रात्री आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा, लहरी शोषणारा डी थर विरतो आणि त्याच बँडवर दूरदूरचे आवाज येऊ लागतात. शिकण्यासाठी याहून चांगला बँड मला माहीत नाही.

सर्किट डायरेक्ट कन्व्हर्जनचं निवडा. कोणी ७०३० किलोहर्ट्झवर मोर्स पाठवत असेल आणि तुमचा ऑसिलेटर (स्वतः लहर निर्माण करणारं सर्किट) ७०३०.७ वर असेल, तर मिक्सरमध्ये, म्हणजे दोन्ही मिसळणाऱ्या टप्प्यात, दोन्हींचा फरक उरतो : ०.७ किलोहर्ट्झ, म्हणजे ७०० हर्ट्झ. तो थेट कानाला ऐकू येणारा सूर आहे. मधली ठरावीक फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफ, नाही, आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर नाही. तेच स्टेशन ऑसिलेटर ७०२९.३ वर नेल्यावर पुन्हा ऐकू येईल. तो दोष नव्हे, या सर्किटचा स्वभावच आहे.

आता बांधण्याचा क्रम, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. अँटेनाकडून स्पीकरकडे जाऊ नका, स्पीकरकडून अँटेनाकडे या. आधी ऑडिओ अँप्लिफायर बांधा. एलएम ३८६ ही चिप पुरेशी आहे. बॅटरी लावा आणि इनपुटला बोट टेकवा, गुणगुण आली की तो टप्पा जिवंत आहे. मग ऑसिलेटर बांधा आणि त्याचा सूर शेजारी ठेवलेल्या एखाद्या शॉर्टवेव्ह रेडिओवर शोधा. त्यानंतर मिक्सर, शेवटी इनपुट फिल्टर. दर टप्प्याला हातात चालणारं काहीतरी असतं, त्यामुळे बिघाड आला तर तो सोल्डरच्या शेवटच्या डागापाशीच शोधायचा. सगळा बोर्ड एकदम भरून मग स्विच दाबणारे लोक आठवडाभर डोकं धरून बसतात.

या रिसीव्हरचं जवळजवळ सगळं प्रवर्धन ऑडिओ टप्प्यात असतं, म्हणून तो घरातल्या विजेची गुणगुण पटकन उचलतो. पहिले काही दिवस तरी बॅटरीवर चालवा. मिक्सर संतुलित असू द्या, नाहीतर जवळच्या फ्रिक्वेन्सीवरची जोरदार प्रसारण केंद्रं डायल कुठेही फिरवला तरी मागे गात राहतील.

प्रश्न : मी निवृत्त आहे. जुनी आवड पुन्हा सुरू केली. व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर, बांधला, चालतोही, पण बोलता बोलता फ्रिक्वेन्सी सरकत जाते आणि समोरचा मला शोधत राहतो. काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण व्हीएफओ स्थिर करणं हा या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. सरकण्याचं कारण बहुतेक वेळा उष्णताच असते. कॉइलची तार तापली की किंचित लांबते, कोअरचा गुणधर्म बदलतो, कपॅसिटरचं मूल्य हलतं. फ्रिक्वेन्सी या सगळ्यांवरच ठरते. ७ मेगाहर्ट्झला मूल्यातला दहा हजारांत एक भागाचा फरकही साडेतीनशे हर्ट्झचा सरक घडवतो.

आधी कपॅसिटर तपासा. ऑसिलेटरच्या टँक सर्किटमध्ये (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीत) साधे, कुठल्याही जातीचे सिरॅमिक असतील तर सगळे काढून एनपीओ, म्हणजेच सीओजी जातीचे घाला. एका मोठ्या कपॅसिटरऐवजी तीन-चार लहान समांतर लावले तर प्रत्येकातून वाहणारा प्रवाह कमी होतो आणि ते कमी तापतात. मग कॉइल पाहा. लाल टी ५०-२ टोरॉइड (कडीच्या आकाराचा कोअर) वापरला असेल तर पिवळा टी ५०-६ घेऊन बघा, तापमानाच्या बाबतीत तो अधिक स्थिर आहे. तार ताणून गुंडाळा. गुंडाळल्यावर कॉइल काही मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून सावकाश थंड होऊ दिली, की तारेतला ताण निघून जातो. ती पूर्ण वाळली की मगच जागेवर बसवा.

ऑसिलेटरला वेगळा रेग्युलेटर द्या आणि मागे बफर टप्पा लावा, म्हणजे पाठवायची कळ दाबल्यावर पॉवर टप्प्याचा भार त्याच्यापर्यंत पोचणार नाही. सगळं बंद धातूच्या पेटीत ठेवा. नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानेही उघडा ऑसिलेटर हलतो. एवढं केल्यावरही सरक एकाच दिशेने उरला, तर पॉलिस्टायरीनचा एक छोटा कपॅसिटर मिसळा. त्याचं मूल्य तापल्यावर घटतं, त्यामुळे फ्रिक्वेन्सी खाली जात असेल तर ती सावरते. हे काम चिकाटीचं आहे : एक भाग बदला, पेटी बंद करा, अर्धा तास दर मिनिटाला आकडा लिहा, मगच पुढचा भाग.

फ्रिक्वेन्सी अंकी पद्धतीने तयार करणारी एसआय ५३५१ची चिप लावून हा सगळा प्रश्न एका दुपारी मिटतो, हेही सांगायला हवं. नवख्यांना मी तीच सुचवते. तुम्ही मात्र कॉइलपर्यंत पोचला आहात, तर ती सोडू नका.

प्रश्न : पाच वॅटमध्ये पाठवलेलं खरंच कोणी ऐकतं का?

उत्तर : ऐकतं. शंभर वॅटपेक्षा पाच वॅट विसाव्या भागाइतके वाटतात, पण डेसिबलमध्ये हा फरक १३ आहे आणि एस मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकाचा, एक अंक ६ डेसिबलचा धरला जातो. म्हणजे शंभर वॅटने एस ७ मिळत असेल तर पाच वॅटने जवळपास एस ५. बँडवर खरखर कमी असेल तर तो सहज ऐकू येतो. आधी अँटेना सुधारा, पॉवरचं नंतर बघू.

प्रश्न : इमारतीत राहतो. गच्ची मिळत नाही, फक्त एक गॅलरी आहे. अँटेना कशी करू?

उत्तर : ७.१ मेगाहर्ट्झचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध जोडलेली सरळ तारेची अँटेना) सुमारे वीस मीटर होतो, तो गॅलरीत मावणार नाही. ४० मीटरचा हट्ट थोडा बाजूला ठेवून १४ मेगाहर्ट्झ घेतलंत तर दहा मीटर तार पुरते, आणि ती बाहेरच्या झाडाकडे तिरकी नेता आली तर उत्तम. विजेच्या तारांच्या आसपास मात्र कुठलीही तार नेऊ नका, तुटून त्यांवर पडेल अशीही नाही. इथे मी कोणालाही सूट देत नाही.

तार बाहेर नेताच येत नसेल तर जाड तांब्याच्या नळीचं, मीटरभर व्यासाचं मॅग्नेटिक लूप बांधा. त्याची बँडविड्थ फार अरुंद असते, फ्रिक्वेन्सी जराशी बदलली की पुन्हा ट्यून करावं लागतं. शंभर वॅटला त्याच्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट येतात, तेव्हा कमी पॉवर ठेवा आणि पाठवताना त्याच्यापासून दूर राहा. ऐकण्यासाठी लूप उत्तमच. ते फिरवून शेजारच्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट बराच कमी करता येतो.

प्रश्न : खिशातला फोन जगात कुठेही बोलतो. मग या छंदाला आता काय अर्थ उरला?

उत्तर : हा प्रश्न मला वारंवार येतो. फोन तुम्हाला माणसापर्यंत नेतो, लहरींपर्यंत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी निरुपयोगी समजल्या जात होत्या, म्हणून त्या हौशी लोकांकडे सोपवल्या गेल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधले लेऑन डेलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं आणि शॉर्टवेव्हचं दार उघडलं. १२ डिसेंबर १९६१ रोजी ऑस्कर १ हा उपग्रह वर गेला. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी तो फावल्या वेळात बांधला होता. वजन साडेचार किलोच्या आसपास, पॉवर एका वॅटच्या सातव्या भागाएवढी. तो मोर्समध्ये फक्त ‘एचआय’ एवढी दोन अक्षरं पाठवत असे, आणि उपग्रहाच्या आतलं तापमान बदललं की त्यांचा वेग बदलत असे. खाली बसून घड्याळ लावणाऱ्याला तापमान कळायचं. २८ देशांतल्या हौशी केंद्रांनी तो ऐकला. इतक्या थोड्या साहित्यात इतकं साधणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो. तुम्ही गुंडाळलेली कॉइल त्यांच्याच कामाचा पुढचा भाग आहे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी सोल्डरिंग शिकायचं म्हणते. परवानगी द्यावी का? आणि मोर्स आता परीक्षेत सक्तीचा नसेल तर शिकवावा का?

उत्तर : जरूर द्या. डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, शिशाविरहित सोल्डर, आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी. काम संपलं की हात धुवायचे. तिला आधी मोर्सच्या सरावाचा ऑसिलेटर बांधू द्या : एक ५५५ चिप, दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, छोटा स्पीकर, बॅटरी आणि दाबायची की. दुपारभरात होतो आणि लगेच वाजतो.

२००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती गेली, आता प्रत्येक देश आपापलं ठरवतो. तरीही शिकवा, कारण मोर्सचा ट्रान्समीटर हा घरी बांधता येणारा सर्वांत सोपा ट्रान्समीटर आहे आणि ती परवाना घेण्याच्या वयाची होईल तेव्हा तो तिला बांधता यावा. तक्ता मात्र भिंतीवर लावू नका. ठिपके आणि रेघा डोळ्यांनी पाठ केल्या की पुढे वेग वाढत नाही. ‘के’ म्हणजे डाह-डिट-डाह, असं अक्षर कानानेच ओळखू द्या. अक्षर पहिल्यापासून वेगाने वाजवा, दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवा, आणि आधी ‘के’ व ‘एम’ ही दोनच द्या. ती चुकल्याशिवाय ओळखू लागली की तिसरं.