पट्ट्यांची गाडी वळवताना

पहिलीच रोबोट गाडी रणगाड्यासारख्या पट्ट्यांची करतोयस, मस्त! फक्त चाकाच्या गाडीचं स्टिअरिंग डोक्यातून काढ. इथे दोन पट्ट्यांच्या वेगातला फरक हेच स्टिअरिंग. डावा हळू, उजवा जोरात, की गाडी डावीकडे. एक थांबवला तर त्याच्याभोवती, दोन्ही उलटसुलट फिरवले तर जागच्या जागी.

खरी मेख अशी, की वळताना पट्टा जमिनीवर आडवा फरफटतो. सरळ जाताना मजेत चालणारी मोटर तिथे रडायला लागते आणि सगळ्यात जास्त करंट तेव्हाच खाते. मोटर घ्यायला पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलास तर ३०० आरपीएमच्या (मिनिटाला ३०० फेऱ्या) मोहात पडू नकोस. त्याच मापात १०० ची घे, ताकद जास्त. मोटर पूर्ण अडकल्यावर किती करंट ओढते ते आधी बघ. सगळे घेतात तो एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) एका चॅनलला, म्हणजे एका मोटरला, फार तर २ अँपिअर देतो, वर दोनेक व्होल्ट स्वतःच गिळतो.

नवशिके हमखास अडकतात ते इथे:

- लांबुडकी गाडी. पट्ट्याची जमिनीला टेकणारी लांबी दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दीडपटीच्या आसपास ठेव. फार लांब झाली की वळतच नाही.
- ढिला पट्टा. गवतात वळलास की निसटलाच. तंबोऱ्यासारखा आवळूही नकोस.
- गाडी तिरकी जाते म्हणून कोड उचकटणं. दोन मोटरी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. जोरात पळणारीचा पीडब्ल्यूएम (कोडमधला वेगाचा आकडा) थोडा कमी कर.

एन्कोडर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर), पीआयडी (वेग आपोआप सुधारणारं गणित) आत्ता नको. गुळगुळीत फरशीवर आठचा आकडा जमला की गच्चीवर ने, आणि तिथे वळवून झाल्यावर मोटरला हात लावून बघ. चटका बसला तर बॅटरी नाही, मोटरचा गिअर बदलायचा, कमी आरपीएमचा घ्यायचा.