आधी पावती फाड

बाय,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला. एवढं लांबलचक फोनवर वाचायचं म्हणजे माझ्या डोळ्यांना पाणी येतं. सकाळी नातवाकडून प्रिंट काढून घेतली आणि पडवीत बसून दोनदा वाचली. उत्तर कागदावर लिहितोय. टाइप करायला बसलो तर तुझी सरपंचकीची टर्म संपेल.

तर चौदा गावांची समिती होतेय. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल (म्हणजे जिथे खाणी आणि मोठे उद्योग बंद करायचं घाटतंय तो पट्टा) गावांचं म्हणणं सरकारपुढे एकत्र मांडायचंय. प्रत्येक पंचायतीकडून पाच हजार मागितलेत. ग्रामसेवक म्हणतो (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण माझ्या तोंडात बसत नाही) की असा खर्च बसवता येत नाही. अर्धे सदस्य म्हणतात, हवंय कशाला हे लचांड. आणि तेवढ्यात तालुक्यातले एक सज्जन सगळा भार उचलायला पुढे आलेत. गाड्या, जेवण, वकील, सगळं. तू विचारतेस, ‘काका, घेऊ का?’

नको.

इथेच पत्र संपायला हवं होतं. पण हा शब्द मी स्वतः वेळेवर म्हटला नाही, म्हणून पुढचं लिहिणं आलं.

मार्च २०१४ मध्ये या क्षेत्राबद्दल केंद्राची पहिली मसुदा अधिसूचना निघाली तेव्हा मी सरपंच होतो. त्याआधी पश्चिम घाटाबद्दल माधवराव गाडगीळांच्या समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला होता, मग कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. आमच्या गावात दोन्हींपैकी एकही पान कोणी पाहिलं नव्हतं. अफवा मात्र घरोघर पोचल्या होत्या. घराला खिळा ठोकायचा तर दिल्लीची परवानगी लागणार, गुरं रानात सोडता येणार नाहीत, काजूची फांदी तोडली की जेल. मसुद्यात खरं काय होतं? खाणी, दगडखाणी आणि वाळू उपशावर बंदी, औष्णिक वीज प्रकल्प नाही, लाल यादीतले, म्हणजे सर्वांत प्रदूषण करणारे नवे उद्योग नाहीत, वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं नाहीत. हे मला कधी कळलं? सरपंचपद गेल्यावर. मसुदा मराठीत नव्हता, आणि तालुक्यातल्या एखाद्या मास्तरांकडून त्याचं मराठी करून घ्यायला दोन-तीन हजार लागले असते. ते आम्ही खर्च केले नाहीत. त्याच वर्षी पंचायतीसमोर स्वागत कमान बांधली. कमानीला पैसे निघाले.

मग एक दिवस सकाळी पंचायतीच्या दारात चार टेम्पो येऊन उभे राहिले. तालुक्याला मोर्चा होता. डिझेल भरलेलं, पुड्यात बांधलेली पुरीभाजी, गावाचं नाव छापलेला फ्लेक्ससुद्धा तयार. पैसे कोणाचे हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळेच विचारलं नाही. सदस्य खूश, तरुण पोरं खूश. आठवडाभराने ग्रामसभेचा ठरावही टाइप करून आला. मी फक्त सही केली.

त्या ठरावाची प्रत पुढे काही वर्षांनी हातात आली. गावातल्या विहिरी चिरेखाणीच्या गाळाने लाल झाल्या होत्या, डंपरच्या धुळीने रस्त्याकडेच्या आंब्याचा मोहर करपला होता, आणि आम्ही तक्रार घेऊन एका साहेबापुढे बसलो होतो. साहेबाने फाइल उघडली आणि आमचाच ठराव आमच्यापुढे सरकवला. ‘खाणबंदीला तुमचाच विरोध ना?’ पहिल्या परिच्छेदात आमच्या गावाचं नाव होतं. जरा फुगलेलं, खाली व्हाइटनर. तिसऱ्या परिच्छेदात शेजारच्या गावाचं नाव तसंच राहून गेलेलं. आमच्या गावाने म्हणे शेजारच्या गावाच्या हद्दीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली होती! खाली माझी सही आणि गोल शिक्का.

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, गावाचं म्हणणं गावाच्या पैशाने मांडायचं. पाच हजार असोत की पाचशे. दुसऱ्याच्या डिझेलवर गेलीस की बोलायचं काय तेही त्याच्याच टाकीतून येतं.

तुझ्या सज्जनांबद्दल मला काही माहीत नाही. असतीलही भले. पण तू विचार, त्यांची खाण आहे का, रिसॉर्ट आहे का, सड्यावर, कातळाच्या पठारावर, घेऊन ठेवलेली जमीन आहे का. आणि यातलं काहीच नसेल तरी नको. शहरातल्या एखाद्या पर्यावरण संस्थेने पैसे देऊ केले तरीही माझं उत्तर हेच. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा संवेदनशील जाहीर करा असा आदेश दिला, ती याचिका स्वयंसेवी संस्थेची होती आणि तिने मोठं काम केलं, मला मान्य आहे. २०२१ च्या पावसात त्याच पट्ट्यातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध फुटून गावात चिखल शिरला, ते सगळ्यांनी बघितलंय. पण गावाच्या वतीने दुसरा कोणी जिंकला तर गाव पुढच्या वेळीही दुसऱ्याचीच वाट बघत बसतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी ग्रामसभा घेऊन ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव केले होते, गाडगीळांच्या अहवालात त्याची नोंद आहे. ती नोंद कोणाला खोडता आली नाही. आणि तरीही कस्तुरीरंगनच्या यादीतून दोडामार्ग तालुका बाहेर राहिला. ठराव केले, पण ते घेऊन वर्षानुवर्षं मागे लागायला माणूस लागतो, आणि माणसाला एसटीचं भाडं लागतं. त्या भाड्याची तजवीज आपल्याकडे कोणी करत नाही.

आता तू म्हणशील, पंचायतीकडे पैसेच नाहीत. हे वाक्य तू मेसेजमध्ये तीनदा लिहिलंयस. बाय, मला या वाक्याचा मनस्वी कंटाळा आहे. मीही पाच वर्षं तेच म्हणत होतो. तुझ्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, किती घरं आहेत ते बघ, घरपट्टीची थकबाकी बघ, मग बोल. मुंबईकरांची बंद घरं धरून निम्मी वसुली होत नसणार, हे मी इथे बसून सांगतो. मे महिन्यात सगळे येतात, आंबे खातात, जंगल वाचलं पाहिजे म्हणून पारावर भाषण देतात आणि घरपट्टी न भरता जातात. त्यांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन तू स्वतः जा. शिपायाला पाठवू नको.

ग्रामसेवक अगदीच चुकीचा नाही, हेही लक्षात घे. वित्त आयोगाच्या निधीला हात लावायचा नाही. पंधराव्या आयोगापासून त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेलाही आराखड्यात असेल त्यावरच. आणि कुठल्या तरी समितीला पाच हजारांची देणगी म्हणून स्वनिधीतून धनादेश फाडलास तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल आणि वसुली तुझ्या आणि त्याच्या खिशातून निघू शकेल. तो घाबरतो ते त्याच्या पगाराला. त्याला शिव्या देऊ नको, त्याला वाट काढून दे.

वाट अशी. देणगी द्यायचीच नाही. पंचायतीने आपलं स्वतःचं काम करायचं आणि त्या कामाचा खर्च टाकायचा. मसुद्याचं मराठी भाषांतर, आपल्या गावापुरत्या नकाशाच्या प्रती, ग्रामसभेची दवंडी, झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट, सरपंचाचा प्रवास. यातलं प्रत्येक काम पंचायतीचं आहे आणि प्रत्येकाचं बिल येतं. ग्रामसभेपुढे आधी खर्चाचा अंदाज ठेव, मंजूर करून घे, मग रोकड वहीत चढव. चौदा गावांनी कामं वाटून घ्यायची. एका गावाने भाषांतर, दुसऱ्याने नकाशे. म्हणजे समितीच्या खात्यात पैसे ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि कोणी पळवले का हा पुढचा तंटाही नाही. पंचायतींनी रीतसर संयुक्त समिती करायची तर कशी, ते गटविकास अधिकाऱ्याला लेखी विचार. तोंडी विचारू नको, तोंडी उत्तर नेहमी ‘बघू’ असतं.

आणि जे पंचायतीत बसतच नाही, चहापाणी, वकिलाची फी, त्याला घरटी वर्गणी. आपल्याला वर्गणी नवीन आहे का गो? जत्रेला बाहेरचा शेठ लाख रुपये देतो म्हणाला तरी घरटी वर्गणी चुकत नाही. देवळात हिशोब वाचतात तेव्हा अकरा रुपये देणाऱ्या म्हातारीचंही नाव येतं, आणि तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी विचारते, पेट्रोमॅक्सला एवढे पैसे कसे गेले? शेठच्या पैशाच्या हिशोबात तिने तोंड उघडलं नसतं. मला तीच म्हातारी तुझ्या ग्रामसभेत हवी आहे.

हे पुस्तकी बोलणं नाही. गडचिरोलीत कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केलीय, आणि ती सभासद ग्रामसभांच्या वर्गणीवर चालते. त्यांच्या हातात २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल आलं, तेंदूपत्ता आणि बांबूचं उत्पन्न आलं. आपल्याकडे तसं जंगल नाही, कोकणात सगळं खाजगी, एका सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि त्यातली पंचवीस बोरिवली-विरारला. उत्पन्न नाही, हे खरं. पण पाच हजारसुद्धा नाहीत, हे खोटं.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. मसुदा निघाला की हरकतींना साठ दिवस असतात. बातमी गावात पोचेपर्यंत वीस गेलेले असतात, गणपती किंवा भातलावणी आली की आणखी पंधरा. शंभर माणसांची किंवा पंधरा टक्के मतदारांची गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब. २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले, आणि सहाही वेळा आपण मसुदा निघाल्यावर जागे झालो. म्हणून कागद आधी तयार ठेव. राई कुठे, सडा कुठे, बारमाही वहाळ कुठून निघतो, वस्ती कुठवर, बागायत कुठवर, सगळं सर्वे नंबरनिशी. केरळने २०१४ च्या मसुद्याआधीच पंचायत-पंचायत पडताळणी केली आणि त्यांचं क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३.७ वर आलं. चांगलं झालं की वाईट तो वाद वेगळा. पण त्यांच्याकडे दाखवायला कागद होता. आपल्या महाराष्ट्रातल्या १७,३४० चौरस किलोमीटरबद्दल आपल्या गावांकडे फ्लेक्स होते.

तू बाजूची की विरुद्ध, ते लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही, तो गावाचा निर्णय. तरी म्हाताऱ्याला राहवत नाही म्हणून सांगतो, सडा, राई आणि वहाळाचं मूळ आत असायलाच हवं, वाडी आणि बागेला त्रास होता कामा नये, आणि अख्खं गाव एक एकक धरून आत किंवा बाहेर करण्याची पद्धतच आडमुठी आहे. हे मी आज म्हणतो. २०१४ ला म्हटलं असतं तर? म्हटलं असतं तर पुढच्या निवडणुकीत पडलो असतो. तसा पडलोच.

माझ्यावर फार रागावू नको. चार गाड्या दारात उभ्या, दीडशे माणसं चढायला तयार, आणि त्यातली तीस-पस्तीस त्याच खाणींवर रोजाने जाणारी. त्यांना मी काय सांगणार होतो, उतरा म्हणून? गाडी परत पाठवली असती तर पोरं पायी गेली असती, मला शिव्या देत. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण निदान डिझेलचे पैसे तरी आम्ही द्यायला हवे होते. चार गाड्यांचं मिळून चार हजार झालं असतं. घरटी पंधरा रुपये.

ग्रामसभेची नोटीस काढशील तेव्हा तिचा फोटो पाठव, फोनवर पाठवलास तरी चालेल. ठराव मात्र तू स्वतः हाताने लिही, आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करू नको. गावाचं नाव प्रत्येक परिच्छेदात तपास.

जाता जाता, या पाकिटात पाचशेची नोट घातली होती, तुझ्या वर्गणीला म्हणून. मग परत काढली. मी तुझ्या गावचा नाही.

तुझा,
काका