वाचकांचे प्रश्न : सर्वांना सारखे वागवूनही कोणी मागे का राहते?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. मी वर्गात भेदभाव करत नाही आणि ‘आपण सर्व समान आहोत’ हे मुलांना वारंवार सांगते. तरीही गटकाम दिले की तीच ती मुले पुढे होतात. घरी वेगळी भाषा बोलणारी किंवा अडखळत बोलणारी मुले कडेला बसून राहतात. माझे कुठे चुकते आहे?
— एक शिक्षिका

उत्तर : आपल्या हेतूत खोट नाही, त्रुटी कामाच्या आखणीत आहे. शेजारी बसवल्याने मुले आपोआप जवळ येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते की, वेगवेगळ्या समूहांतील माणसांच्या सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील, तर त्या सहवासात सर्वांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट सामायिक असावे लागते, ते गाठण्यासाठी एकमेकांचे सहकार्य घ्यावे लागते आणि अधिकारपदावरील व्यक्तींचा या सगळ्याला स्पष्ट पाठिंबा असावा लागतो. नेहमीच्या गटकामात पहिलीच अट पूर्ण होत नाही. ज्याला आधीपासून येते तोच लिहितो, तोच वाचून दाखवतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला माना डोलावणे येते.

१९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हीच अडचण फार तीव्र स्वरूपात उभी होती. तिथल्या शाळांमधील वांशिक विलगीकरण नुकतेच संपवण्यात आले होते आणि वेगवेगळ्या वंशांची मुले एका वर्गात येताच तणाव उफाळला होता. त्यांनी शोधलेली पद्धत आपल्याला उद्यापासून वापरता येईल. पाच-सहा मुलांचा मिश्र गट करायचा, धड्याचे तितकेच भाग पाडायचे आणि प्रत्येकाला एकच भाग द्यायचा. सर्व गटांतील तोच भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात, कसा सांगायचा याची तयारी करतात आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. चाचणी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र आणि संपूर्ण धड्यावर असते. त्यामुळे अडखळणाऱ्या मुलाचे ऐकून घेणे ही मेहेरबानी राहत नाही, कारण त्याच्याकडचा भाग गटात दुसऱ्या कोणाकडेच नसतो. अ‍ॅरनसन यांनी सांगितलेल्या एका प्रसंगात अशाच एका मुलाची गटाने थट्टा आरंभली, तेव्हा तिथल्या साहाय्यकाने उपदेश केला नाही. थट्टेने त्याचा भाग तुम्हाला कळणार नाही आणि चाचणी थोड्याच वेळात आहे, एवढीच आठवण करून दिली. हळूहळू तीच मुले त्याला नेमके प्रश्न विचारून बोलते करू लागली.

तयारीची मधली पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळण्याचा मोह होईल, पण तो कटाक्षाने टाळावा. ती गाळल्यास कच्चे मूल सर्वांसमोर उघडे पडते आणि आधीपेक्षा अधिक मिटून जाते. आणखी एक गोष्ट करून पाहा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणातून आढळले होते. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तर उत्तरे अधिक विस्ताराने येतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयात निवड केवळ गुणवत्तेवर होते, तरीही निवडलेले सगळे जण एकाच धाटणीचे असतात. यात गैर काय आहे?
— एक विभागप्रमुख

उत्तर : गुणवत्ता पाहणे योग्यच आहे. ती पाहणारी नजर किती निर्मळ आहे, हा खरा प्रश्न आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो व बोस्टनमधील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले आणि त्यांवरची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. ते अर्ज चाळणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गुणवत्ताच पाहतो आहोत, असेच वाटत असणार.

पहिल्या चाळणीत अर्जावरील नाव, छायाचित्र आणि वय झाकावे. मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि आपसांत चर्चा करण्यापूर्वी प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्रपणे लिहून ठेवावेत, म्हणजे ज्येष्ठ परीक्षकाच्या एका शेऱ्यामागे सगळे वाहवत जात नाहीत. ‘आपल्यात रुळेल का?’ हा निकष तर काढूनच टाकावा, कारण तो बहुधा ‘आपल्यासारखा आहे का?’ या अर्थानेच वापरला जातो. कामासाठी खरोखर आवश्यक असलेल्या अटी अवश्य ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगारातील भेदभावाविषयीचा १९५८ चा करारही अशा अटींना भेदभाव मानत नाही. मात्र प्रत्येक अटीसमोर ती कोणत्या कामासाठी लागते हे लिहून पाहा. ज्या अटीसमोर काहीच लिहिता येणार नाही, ती जाहिरातीतून वगळा.

प्रश्न : मला कमी ऐकू येते. बैठकीत सगळे एकाच वेळी बोलतात आणि निर्णय माझ्यापर्यंत नंतर पोहोचतात. मी सोय मागितली, तेव्हा एक सहकारी म्हणाला की, ही खास वागणूक झाली. मी मागणी सोडून द्यावी का?
— एक वाचक

उत्तर : मुळीच सोडू नका. सहकाऱ्याला जे विनासायास ऐकू येते तेच आपल्याला कळावे, एवढीच आपली मागणी आहे आणि ती पूर्णपणे न्याय्य आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराने तर स्पष्टच म्हटले आहे की, संस्थेवर अवाजवी भार पडत नसताना अशी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरतो.

मागणी मोघम ठेवू नका. विषयपत्रिका आदल्या दिवशी लेखी मिळावी, बोलणाऱ्याने हात वर करून एकेकट्याने बोलावे, बोलताना चेहरा आपल्याकडे असावा, दूरस्थ बैठकीत बोलणे अक्षरांत दाखवण्याची सुविधा सुरू ठेवावी आणि निर्णय बैठक संपण्यापूर्वी लिहून वाचले जावेत, असे एकेक मुद्दे वरिष्ठांना लेखी कळवा. यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही. लागते ती बैठक चालवणाऱ्याची शिस्त. नकार आलाच, तर कोणता मुद्दा कोणत्या कारणाने शक्य नाही आणि त्याला पर्याय काय, याचे उत्तरही लेखीच मागा.