न्यू जर्सीचा कॅरी परमिट (पिस्तूल जवळ बाळगून फिरण्याचा परवाना) असेल तर न्यूयॉर्क शहरात पिस्तूल नेता येतं का?

नाही. न्यूयॉर्क राज्य दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परमिट मानत नाही. न्यू जर्सीचा नाही, फ्लोरिडाचा नाही, युटाचाही नाही. तुम्ही बोगद्यातून मॅनहॅटनला बाहेर पडलात की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना पिस्तूल बाळगणारे.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर तुमचं सोन्याचं दुकान आहे, माल घेऊन मॅनहॅटनच्या सराफ बाजारात, ४७व्या स्ट्रीटवर जावं लागतं, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात आणि न्यू जर्सीचा परमिट रीतसर काढलेला आहे. 'सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आता सगळीकडे चालतं' असं कोणीतरी सांगितलंय. आणि सोबत येणारा भाचा एच-वन-बीवर आहे, पिस्तूल त्याच्याकडे दिलं तर चालेल का, हेही विचारलंय. मी स्वतः वकील नाही. न्यूयॉर्कमध्ये फौजदारी खटले चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा कायदेविषयक मदतनीस आहे, आणि अशाच समजुतीपायी अडकलेली माणसं आमच्याकडे येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो निकाल. २३ जून २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निर्णय दिला. न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून परवान्याची पद्धत आहे, आणि लपवून पिस्तूल बाळगायचं तर 'मला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे' हे अर्जदाराला सिद्ध करावं लागायचं. ही अट कोर्टाने रद्द केली. परवानाच लागणार नाही असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. उलट राज्याने आठवडाभरात नवा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो लागू झाला. 'सगळीकडे चालतं' म्हणणाऱ्यांनी निकालाचा मथळा तेवढा वाचलेला असतो.

न्यूयॉर्कच्या कायद्यात 'भरलेलं' पिस्तूल कशाला म्हणतात तेही बघा. पिस्तुलात गोळी नसली, पण त्याच वेळी त्यात बसणाऱ्या गोळ्या तुमच्याजवळ असल्या, तरी कायदा ते भरलेलंच धरतो. म्हणजे पिस्तूल बॅगेच्या एका कप्प्यात आणि मॅगझिन दुसऱ्या कप्प्यात, तरी भरलेलं. घराबाहेर किंवा धंद्याच्या जागेबाहेर असं विनापरवाना सापडलं तर तो 'क' वर्गाचा गंभीर गुन्हा, शिक्षा किमान साडेतीन वर्षं, कमाल पंधरा. बाहेरगावच्या, आधीची नोंद स्वच्छ असलेल्या माणसाच्या बाबतीत सरकारी वकील बऱ्याचदा आरोप खाली आणतात, हे खरं आहे. पण तोवर बेड्या पडलेल्या असतात, रात्र कोठडीत गेलेली असते आणि फीचा मीटर सुरू झालेला असतो.

शहराचे दोन्ही विमानतळ ज्या भागात येतात त्या क्वीन्सच्या कोर्टात सगळ्यात वाईट मला विमानतळावरच्या लोकांचं वाटतं. माणूस विमान कंपनीचा नियम अक्षरशः पाळतो. कडक पेटी, कुलूप, पिस्तूल रिकामं. जेएफकेच्या किंवा लाग्वार्डियाच्या काउंटरवर स्वतःहून सांगतो, 'यात पिस्तूल आहे.' काउंटरवरची मुलगी फोन उचलते, पोलीस येतात. पेटीत शेजारीच गोळ्यांचा खोका असतो. त्या माणसाने काहीही लपवलेलं नसतं, आणि नेमका तोच पकडला जातो. बंद पेटीतून शस्त्र दुसऱ्या राज्यात नेण्याला १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण ते फक्त वाटेने पुढे जाणाऱ्याला. शिवाय निघालात तिथे आणि पोहोचणार तिथे, दोन्हीकडे ते बाळगण्याचा हक्क तुम्हाला हवा. तुमचं पोहोचायचं ठिकाणच मॅनहॅटन आहे, तेव्हा तो कायदा तुमच्या कामाचा नाही.

आता रीतसर मार्ग. ज्यांचा मुख्य धंदा किंवा नोकरी शहरात आहे, अशा बाहेरच्यांना शहराच्या परवान्यासाठी आधीपासून अर्ज करता यायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या पोलीस खात्याने नियम बदलला आणि न्यूयॉर्क राज्याबाहेर राहणाऱ्या इतरांसाठीही दार उघडलं. म्हणजे दुकान एडिसनला असूनही तुम्ही अर्ज करू शकता. अर्ज ऑनलाइन भरायचा, फी ३४० डॉलर, बोटांच्या ठशांचे पैसे वेगळे, वय किमान २१. वन पोलीस प्लाझाला, म्हणजे शहर पोलिसांच्या मुख्यालयात, प्रत्यक्ष मुलाखत होते. चार ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात, घरात राहणाऱ्या प्रौढांची माहिती द्यावी लागते. सोशल मीडियाच्या खात्यांची यादी मागण्याची अट कायद्यात आहे, पण कोर्टाने ती रोखून धरली.

खरा वेळ जातो तो प्रशिक्षणात. १६ तास वर्ग, २ तास प्रत्यक्ष नेमबाजी, लेखी परीक्षेत ८० टक्के. न्यू जर्सीसाठी केलेला कोर्स इथे दाखवून भागत नाही, न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे मान्यता असलेल्या प्रशिक्षकाकडूनच करावा लागतो. कोर्स निवडण्याआधी त्याला स्पष्ट विचारा की न्यूयॉर्क शहराच्या अर्जाला हे प्रमाणपत्र चालतं का. अर्जावर सहा महिन्यांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. व्यवहारात त्याहून जास्त वेळ धरून चाला. अर्जात जुनी अटक, जुना खटला, अगदी रद्द झालेला असला तरी लिहा. लपवलेली गोष्ट ठशांवरून निघाली तर अर्ज तिथेच बसतो. तुमच्या पिस्तुलाचं मॅगझिन दहापेक्षा जास्त गोळ्यांचं असेल तर ते इकडे आणू नका, तो वेगळा गुन्हा होतो.

आणि परवाना हातात आला तरी वाटेचा विचार करायलाच हवा. बस, ट्रेन, सबवे, फेरी आणि त्यांची सगळी स्थानकं ही परवानाधारकालाही बंद. म्हणजे एडिसनहून ट्रेन पकडून पेन स्टेशनला उतरणं किंवा बसने पोर्ट ऑथॉरिटीला येणं पिस्तुलासकट अशक्य. गाडीनेच यावं लागेल. टाइम्स स्क्वेअरही बंद, आणि तिथे तसे फलक लावलेले आहेत. ४७व्या स्ट्रीटवरची सराफांची गल्ली फिफ्थ आणि सिक्स्थ अव्हेन्यूच्या मध्ये. सिक्स्थ ओलांडून पश्चिमेला चालू लागलात की बंदीचा पट्टा सुरू. म्हणून मी तरी सांगेन की गाडी फिफ्थच्या बाजूने आणा, सिक्स्थकडून नाही. दुपारी जेवायला बसलात आणि त्या हॉटेलात दारू मिळत असेल, तर तिथेही नाही. दवाखाना, शाळा, बाग, नाट्यगृह, संग्रहालय, सगळ्यांना तोच नियम. जागा बंदीची आहे हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवं होतं अशा ठिकाणी शिरलात, तर तो गंभीर गुन्ह्यातच मोडतो. पिस्तूल गाडीत ठेवून जायचं तर गोळ्या काढून, बाहेरून दिसणार नाही अशा कुलूपबंद मजबूत पेटीत. डॅशबोर्डचा खण चालत नाही.

भाच्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो: त्याला पिस्तुलाला हातही लावू देऊ नका. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी व्हिसा अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने शस्त्र किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, कमाल शिक्षा पंधरा वर्षं. शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो घेऊन मॅनहॅटनमध्ये पिस्तूल खोचून फिरता येत नाही. आणि तो या व्हिसावर आहे हे माहीत असताना त्याच्या हातात पिस्तूल दिलंत, तर गुन्हा तुमच्यावरही येतो. दुकानातल्या ज्या खणात पिस्तूल असतं त्याची किल्ली त्याच्याकडे असेल तर ती आजच काढून घ्या. आपल्या मुलांना दंड-बिंड भरून सुटू असं वाटतं. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा देशाबाहेर काढता येतं, मग एच-वन-बीवाल्याची काय कथा. घरचे पुण्याहून फोन करून विचारतात की पोराने कोणाला मारलं का, आणि त्यांना समजावणं फार अवघड जातं.

परवाना येईपर्यंत माल विमा असलेल्या कुरिअरने किंवा बख्तरबंद गाडीच्या सेवेने पाठवा. ४७व्या स्ट्रीटवरचे तुमचे व्यापारी त्यांच्याकडूनच माल मागवत असतील, त्यांना विचारा. तुमच्या विम्याच्या कागदात 'स्वतः माल नेताना' किती रकमेपर्यंत भरपाई मिळते तेही एकदा वाचा. आणि अर्ज भरण्याआधी न्यूयॉर्कमध्ये हेच काम करणाऱ्या वकिलाला तासाभराची फी देऊन कागद दाखवा. न्यू जर्सीच्या वकिलाला इथले बारकावे माहीत असतीलच असं नाही.