इलेक्ट्रिक गाड्या अचानक एवढ्या स्वस्त कशा काय व्हायला लागल्या?

अचानक नाही हो, सगळा खेळ बॅटरीचा आहे. २०१० च्या सुमारास लिथियम-आयन बॅटरीचा एक किलोवॅट-तास, म्हणजे एक युनिट वीज साठवायची क्षमता, हजार डॉलरच्या वर जायचा, २०२४ पर्यंत तोच साधारण ११५ डॉलरवर आला, आणि गाडीतला सगळ्यात महाग पार्टच बॅटरी म्हटल्यावर किंमत खाली येणारच ना. त्यात एलएफपी बॅटऱ्या आल्या, म्हणजे लोखंड-फॉस्फेटवाल्या, कोबाल्ट नाही की निकेल नाही, त्यामुळे स्वस्त पडतात आणि टिकतात पण जास्त, फक्त तेवढ्याच रेंजला वजन जरा वाढतं आणि कडाक्याच्या थंडीत चार्जिंगला रडतात. शिवाय क्लच, सायलेन्सर, इंजिन ऑइल ही भानगडच नाही. पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते, लांबून आल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. इलेक्ट्रिकमध्ये उलट ब्रेक मारताना पण थोडी परत बॅटरीत जाते. टायर मात्र लवकर झिजतात, वजनामुळे, हे विकणारे सहसा सांगत नाहीत 😄 आणि घरी चार्जिंगची सोय नसेल तर माझ्या मते थोडं थांबा, रोज पब्लिक चार्जरच्या भरवशावर राहणं म्हणजे डोक्याला ताप.